रात्रपाळी करणारी कोरफड

एका पावसाळ्यात माझ्या खिडकीतली कोरफड सडून गेली. पाणी घालायला विसरलो म्हणून नव्हे, तर रोज न चुकता घातले म्हणून! अरबस्तानच्या कोरड्या मुलखातून आलेली ही वनस्पती पाण्यानेच का मरावी?

पाण्याची कोठी

कोरफडीची पाने आखूड खोडाभोवती पाकळ्यांसारखी रचलेली असतात. लहान रोपात ती समोरासमोर दोनच ओळींत येतात. मोठेपणी मळसूत्राप्रमाणे फिरत जातात. पन्हळीसारख्या पानांवर पडलेले पाणी बुंध्याकडे ओघळते.

आता थोडे गणित. अर्धा मिलिमीटर जाडीच्या सपाट पानात दर घन सेंटिमीटरमागे दोन्ही बाजू मिळून ४० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग उघडा असतो. पान २ सेंटिमीटर जाड असेल, तर तो अवघा १ चौरस सेंटिमीटर! बाष्पीभवन पृष्ठभागावरून होते. म्हणून जाड पान पाणी जपून ठेवते.

दिवसा दार बंद

बहुतेक झाडे पर्णरंध्रे दिवसा उघडतात. कोरफड ती मुख्यतः रात्री उघडते. रात्री हवा थंड व दमट असल्याने पाणी कमी उडते. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा, रंध्रे मिटून, सूर्यप्रकाशात त्यापासून साखर बनवते. आपली पानफुटीही हेच करते. तिची पाने सकाळी आंबट लागतात व दुपारपर्यंत बेचव होतात, हे भारतात काम केलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रात नोंदवले होते.

तुम्ही मात्र चव घेऊ नका! पानफुटीचे एक पान पहाटे व एक संध्याकाळी ठेचून दोन्ही रस पीएच कागदावर तपासा. फरक दिसेल.

मग कोरफड का सडली?

मुळांनाही ऑक्सिजन लागतो. तो हवेच्या तुलनेत पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, की मुळे गुदमरतात आणि कुजतात. पानांत साठा असल्यामुळे झाड काही दिवस टवटवीत दिसते. आपल्याला कळते तोवर उशीर झालेला असतो.

तेव्हा तळाला भोक असलेली मातीची कुंडी घ्या. मातीत जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे मिसळा. दोन पेरे खोलवर माती कोरडी लागली, तरच भरपूर पाणी द्या. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्या. सावलीतले रोप एकदम कडक उन्हात ठेवू नका, पाने तांबूस पडतात. सवय हळूहळू लावा. बुंध्याशी आलेली पिल्ले मुळांसकट अलग करा आणि जखम सुकण्यासाठी दोन-तीन दिवस सावलीत ठेवून मगच लावा.

माझी नवी कोरफड अशाच एका पिल्लापासून वाढली आहे. तिला पाणी घालण्यापूर्वी मी आता कुंडी उचलून पाहतो. ती हलकी का लागते, हे तुम्हीच सांगा!