जुन्या छायाचित्रांतील मोटारी कशा ओळखाव्या?

जुन्या छायाचित्राखालीं लिहिलेलें मोटारीचें नांव व साल खरेंच असतें, असा पुष्कळांचा समज असतो. युरोपांतील आरंभींच्या मोटारींपुरता तरी तो सोडून द्यावा, असें आम्ही वाचकांस सुचवितों. नांव लिहिणारा मनुष्य बहुधा पुष्कळ वर्षांनीं लिहावयास बसलेला असतो; गाडी मात्र त्या दिवशीं तेथें उभी होती.

प्रथम गाडी वळविण्याचें साधन पाहावें. कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं जिचें पेटंट घेतलें ती गाडी तीन चाकांची असून तिचें पुढचें चाक एका लहानशा दांड्यानें वळवीत. वाटोळ्या चक्राऐवजीं असा दांडा दिसल्यास गाडी बहुधा १९०० च्या अलीकडची नव्हे. इंग्लंडांतील लँचेस्टर कंपनीनें मात्र दांड्याचा हट्ट पुढेंही कांहीं वर्षें सोडला नाहीं. चक्र उजवीकडे आहे म्हणून गाडी इंग्रजीच, हें अनुमानही फसवें आहे. फ्रान्स व इटलींतील उंची गाड्यांचें चक्र कित्येक वर्षें उजवीकडेच असे.

खरी ओळख पटते ती तोंडावरून. १९०१ सालच्या मर्सिडीस गाडीनें मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर अगदीं पुढें बसविला आणि बहुतेकांनीं तिचें अनुकरण केलें. पॅरिसच्या रेनॉ कंपनीनें मात्र रेडिएटर यंत्राच्या मागें ठेविला. त्यामुळें तिच्या गाडीचें झांकण पुढें घराच्या पाख्यासारखें उतरतें दिसतें. तेवढ्यावरून लगेच ‘रेनॉ’ म्हणूं नये, कारण शारों व क्लेमां-बायार यांच्याही गाड्या तशाच दिसत. दलोने-बेल्व्हील हे मूळचे बॉयलर करणारे. त्यांच्या गाडीचें तोंड पिंपासारखें गोल. रोल्स-रॉइसचें ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखें तोंड तर मुलांसही ओळखतां येईल. पितळेचे मोठे दिवे कार्बाइडच्या वायूवर जळत. १९१४-१८ च्या महायुद्धानंतर ते झपाट्यानें मागें पडले.

आतां एका अशा शब्दाकडे वळूं, जो आपल्या घरांतला झाला आहे. जादा चाकास आपण ‘स्टेपनी’ म्हणतों. वेल्समधील लनेली गांवीं स्टेपनी नांवाचा रस्ता आहे; तेथील डेव्हिस बंधूंनीं १९०४ सालीं हें चाक काढिलें. त्या वेळीं मोटारीचें चाक सहजासहजीं निघत नसे. म्हणून टायर चढविलेलें, आरे नसलेलें एक लोखंडी कडें पंक्चर झालेल्या चाकाच्या बाजूस घट्ट अडकवीत आणि गाडी पुढें नेत. असें कडें गाडीच्या बाजूस टांगलेलें दिसलें कीं चित्र १९०४ च्या आधींचें नव्हे. नुसती टायर मात्र लोक त्यापूर्वींही बरोबर नेत. दोहोंतला भेद भिंगाखालींच कळतो.

चित्र काढणाऱ्याच्या स्वतःच्या टिपणावरही विसंबून चालत नाहीं. झाक आंरी लार्तीग या फ्रेंच तरुणानें टिपलेलें शर्यतीच्या मोटारीचें चित्र जगप्रसिद्ध आहे. तें १९१२ च्या शर्यतींतील देलाज गाडीचें, असें त्यानें नोंदलें व तसेंच तें कित्येक वर्षें छापलें गेलें. पुढें संशोधकांनीं गाडीवरचा अंक शर्यतींच्या याद्यांशीं ताडून पाहिला, तेव्हां ती गाडी श्नेदेर कंपनीची आणि शर्यत जुलै १९१३ मध्यें आमियाँ येथें झालेली ठरली. त्या चित्रांत चाक पुढें कललेल्या अंड्यासारखें दिसतें व कडेचे खांब मागें झुकलेले दिसतात. कॅमेऱ्याच्या पडद्यांतील फट सरकतांना देखाव्याचा खालचा भाग आधीं उमटला व वरचा क्षणभरानें. तेवढ्यांत चाक पुढें गेलें होतें. लार्तीग कॅमेरा गाडीबरोबर फिरवीत होता, म्हणून उभे खांब उलट दिशेस कलले. अशा चाकाच्या आकारावरून कोणतीही कंपनी ठरविणें शक्य नाहीं. ६ हा अंक मात्र स्पष्ट वाचतां येतो.