नाडीची लय चुकली तर

‘अंगावरून वारे गेले’ असे आपण सहज म्हणतो. माझ्या थोरल्या बंधूंच्या अंगावरून ते ऐन ज्वारी काढणीत गेले. सकाळी दावणीपाशी बैल सोडता सोडता उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. कुणी कबुतराचे रक्त चोळायला सांगितले आणि त्या खटपटीत दोन तास गेले. वाऱ्याचा यात काही संबंध नव्हता. हृदयात धरलेली रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अडकली होती.

शेतकरी बंधुभगिनींनो, मी कृषी खात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण डॉक्टरांनी समजावले ते सांगतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरू लागले, की नाडी बेताल चालते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. पाटाचे पाणी खळग्यात साचले की शेवाळ धरते. तसे डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून गुठळी धरते. पक्षाघाताचा धोका सुमारे ५ पट होतो. वाढते वय, रक्तदाब, मधुमेह, दारू ही कारणे आहेतच. पण लहानपणी सांधे सुजवणाऱ्या तापाने हृदयाची झडप बिघडली असेल, तर तरण्याताठ्या बाईलाही हा विकार होतो.

बंधूंना हे आधी ठाऊक होते, हेच मनाला लागते. गोळी चालू होती. दुखत नाही, खुपत नाही, शिवाय रक्त तपासायला तालुक्याला खेपा. म्हणून सुगीत त्यांनी ती परस्पर बंद केली.

ती गोळी वॉर्फरिनची. तिचे मूळ गोठ्यातलेच! १९२० नंतर अमेरिका-कॅनडात बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन जनावरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न गोठणारे रक्त दुधाच्या कॅनमध्ये भरून विद्यापीठात घेऊन गेला. तिथे कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत चाऱ्यातले ते द्रव्य सापडले. त्यावरून निघालेले वॉर्फरिन १९४८ साली उंदरांसाठी आणि १९५४ पासून माणसांसाठी आले. म्हणूनच मात्रा नेमकी हवी. आता तपासणीची इतकी कटकट नसलेल्या नव्या गोळ्याही आहेत. पण ज्यांची झडप त्या तापाने अरुंद झाली, त्यांना वॉर्फरिनच देतात.

विहिरीवरचे इंजिन ठोके गाळू लागले की आपल्याला बांधावरून कळते. मग घरच्या म्हाताऱ्यांची नाडी का पाहू नये? अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवा, पूर्ण मिनिटभर. एखादा ठोका चुकला तर घाबरू नका. सगळेच ठोके वेडेवाकडे पडत असतील, तर ईसीजी काढून घ्या. आणि तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली तर तडक १०८ ला फोन करा. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

बंधू आता काठीने मळ्यापर्यंत जातात. गोळी वहिनी स्वतः देतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करतात. अंगदुखीची गोळी दुकानातून आणायची नाही, हा त्यांचा दंडक. पालेभाजी तोडायची का, असे त्यांनी डॉक्टरांना विचारले होते. तोडायची नाही, पण आठवडाभर काही नाही आणि एके दिवशी ताटभर मेथी, असे करायचे नाही. रोज सारखीच खायची.