गाडीची नाडी पाहणारी वायर : खरी की खोटी?

मैत्रिणींनो, हळद आणली की चिमूटभर पाण्यात टाकून बघणाऱ्या आपण. तूरडाळीत लाखेची डाळ मिसळली असेल तर सुपात घेताक्षणी ओळखणाऱ्या आपण. पण घरातल्या पुरुषमाणसांनी एखादं यंत्र आणलं, की “त्यातलं तुम्हालाच कळतं” असं म्हणून आपण पदर खोचून स्वयंपाकघरात जातो. मीही गेले होते. त्या गप्प बसण्याची किंमत काय पडली, ते आज सांगणार आहे.

आम्ही पोशेऱ्याला राहतो, मोखाडा तालुक्यात. हे नोकरीसाठी रोज जव्हारला जातात, मी अर्धा दिवस शाळेत शिकवते. घरची गाडी दुसऱ्याची वापरलेली, २०१८ सालची. कंपनी कोणती ते सांगत नाही, कारण झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भात कापणीचे दिवस. सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही नाशिकला निघालो होतो. तोरंगण घाटात चढणीला असताना समोरच्या काचेमागे एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा. सासूबाई मागून म्हणाल्या, “अगं, हा भरदिवसा दिवा कसला लावलाय?” आमच्या दोघांचे चेहरे मात्र उतरले. फोनला रेंज नाही, मागे वयस्क माणूस, पुढे वळणांवर वळणं. तशीच हळूहळू गाडी नेली. नाशिकला एका गॅरेजवाल्याने यंत्र लावल्यासारखं केलं आणि एक भाग बदलावा लागेल, चौदा हजार होतील, असं सांगितलं. यंत्रावर काय दिसलं ते दाखवा म्हटलं, तर “ताई, तुम्हाला नाही कळायचं!” आम्ही पैसे न देता परत आलो. दिवा तसाच.

मग ह्यांच्या कचेरीतल्या कुणी सांगितलं, की असं यंत्र घरीच घ्या, साडेचारशेला मिळतं. वायर आली. सोबत एक चिमुकली तबकडी, जी घालायला आमच्या लॅपटॉपला खाचच नाही. विक्रेत्याने फोनवर एक दुवा पाठवला आणि सूचना दिल्या : आधी अँटिव्हायरस बंद करा, मग इंटरनेट काढा, आणि सॉफ्टवेअर कधीही अपडेट करू नका. ह्यांनी सगळं निमूटपणे केलं. गाडीशी त्या वायरीचं बोलणं काही झालं नाही. मात्र तिसऱ्या दिवशी लॅपटॉपवरची एकही फाईल उघडेना. पहिल्या सत्राचे गुण होते, प्रश्नपत्रिका होत्या, धाकटीच्या बारशाचे फोटो होते. गुण वहीत उतरवलेले होते म्हणून दोन रात्री जागून पुन्हा भरले. फोटो गेले ते गेलेच. सगळं त्या सॉफ्टवेअरमुळेच झालं हे सिद्ध करायला मी कोर्टात जाणार नाही. पण घराचं दार उघडं टाकून, कुत्रं बांधून ठेवून झोपायला सांगणारा माणूस आपल्या भल्याचं सांगत नसतो, एवढं कळायला बीए व्हावं लागत नाही.

भाऊबीजेला पुण्याहून धाकटा भाऊ आला. तो गाड्यांच्याच कामात आहे. मी म्हटलं, यंदा साडी नको, खरी वायर दे. त्याने ओवाळणीत आगपेटीएवढी एक डबी दिली. तीन-साडेतीन हजारांची, फोनवर चालणारी. आणि अंगणात गाडीत बसवून मलाच शिकवलं, ह्यांना नाही!

त्याने सांगितलं ते असं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या वरच्या बाजूला, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. वरून रुंद, खाली अरुंद. ह्या सगळ्या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ सालापासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज चार दर्जाच्या गाड्यांना २०१३च्या एप्रिलपासून तिची दुसरी पायरी आली आणि २०१७च्या एप्रिलपासून तो दर्जा साऱ्या देशाला लागू झाला. म्हणजे त्याआधीची जुनी गाडी असेल, तर सॉकेट दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. पिना असतात, पण गाडी सगळ्यांना समजणाऱ्या भाषेत बोलेलच असं नाही. यंत्र घेण्याआधी गाडीचं साल आणि मॉडेल सांगून विचारून घ्या.

गाडीत बिघाड झाला की तिचा संगणक एक सांकेतिक क्रमांक लिहून ठेवतो. आमच्या गाडीने लिहिला होता पी०११३. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा. भावाने फोनवर त्या सेन्सरचा आकडा काढून दाखवला : उणे ४० अंश! जव्हारला लोक ठाण्याचं महाबळेश्वर म्हणायचे हे खरं, पण पोशेऱ्याच्या अंगणात उणे ४०? मला हसू आवरेना. भाऊ म्हणाला, “ताई, हीच तर खूण. सेन्सरची तार कुठे तरी तुटली की संगणकाला असाच आकडा दिसतो.” बॉनेट उघडून पाहिलं, तर आत भाताच्या पेंढ्याचं छान घरटं आणि तार कुरतडलेली. उंदीर! जव्हारच्या इलेक्ट्रिशियनने तार जोडून, वर नळी चढवून अडीचशे रुपये घेतले. चौदा हजारांचा भाग आमच्या गाडीत अजून जुनाच आहे आणि उत्तम चालतोय.

आता खरं-खोटं कसं ओळखायचं, ते. बाजारात जिथे तिथे ‘ईएलएम३२७’ असं लिहिलेल्या निळ्या-काळ्या डब्या दिसतात. हे नाव कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीच्या चिपचं. तिने पहिल्या आवृत्तीला नक्कल-प्रतिबंध घातला नव्हता, आणि नकलाकारांनी ती उचलली ती उचललीच. मूळ कंपनी २०२२ साली बंद झाली, नकला मात्र जोरात आहेत. गंमत म्हणजे पुष्कळ डब्यांवर ‘आवृत्ती १.५’ छापलेलं असतं, आणि मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नाही! सगळ्याच नकला टाकाऊ असतात असं नाही, काही साधा क्रमांक वाचून देतात. पण लांब निरोप आला की त्यातले शब्द गाळतात. एखाद्या निरोप्याने अर्धंच सांगावं, तसं. म्हणून घरी करण्याजोगी एक सोपी परीक्षा सांगते. यंत्राला गाडीचा सतरा अक्षरांचा चासी नंबर वाचायला सांगा आणि आरसी पुस्तकाशी ताडून पाहा. हा नंबर तुकड्यातुकड्यांनी येतो, त्यामुळे कच्चं यंत्र इथे अडखळतं. (काही जुन्या गाड्या नंबर सांगतच नाहीत, तेव्हा दोष यंत्रावर ढकलू नका.) दुसरी परीक्षा सकाळची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि पाण्याचं तापमान व हवेचं तापमान बघा. दोन्ही साधारण अंगणातल्या हवेएवढीच हवीत. ही तपासणी माल परत करायच्या मुदतीतच करून घ्या.

लॅपटॉपच्या वायरींची गोष्ट आणखी नाजूक. अनेक यूएसबी वायरींत स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीची चिप असते, आणि तिच्या नकला भरपूर. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये विंडोजच्या नेहमीच्या अपडेटबरोबर त्या कंपनीचा असा ड्रायव्हर आला, की नकली चिप ओळखून तो तिची ओळखच पुसून टाकायचा. लोकांच्या वायरी एका रात्रीत मुक्या झाल्या. ज्यांनी अस्सल समजून पैसे मोजले होते, तेही त्यात भरडले. ओरड झाली तेव्हा तो ड्रायव्हर मागे घेतला.

फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी ह्या घराण्यातली गाडी असेल (चाकणला आणि छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला त्या बनत आल्या आहेत, आपल्याकडे पुष्कळ दिसतात) तर तिच्यासाठी अमेरिकेतल्या रॉस-टेक कंपनीचं व्हीसीडीएस हे सॉफ्टवेअर नावाजलेलं आहे. ते कंपनीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. पैसे असतात ते वायरीचे. तेव्हा ‘फुल व्हर्जन, क्रॅक केलेलं’ म्हणून कुणी वेगळं सॉफ्टवेअर देऊ लागला, तर वायर नकली आहे हे त्यानेच कबूल केलं असं समजा. खरी वायर महाग असते, पण किती गाड्यांना चालेल त्यावर किंमत ठरते. घरातल्या एक-दोन गाड्यांना कमी गाड्यांची वायर पुरते. फोर्डने २०२१ साली भारतातून कारखाने आवरण्याचं जाहीर केलं. ज्यांच्याकडे त्या गाड्या अजून आहेत, त्यांना फोरस्कॅन उपयोगी पडतं. ते चालवणाऱ्यांनी कोणती यंत्रं चांगली चालतात ते स्वतःच सांगितलेलं आहे. आधी ते वाचा, मग यंत्र घ्या. आपण उलट करतो. आधी स्वस्त दिसलं म्हणून घेतो आणि मग त्याला जुळणारं सॉफ्टवेअर हुडकत बसतो. पोलक्याचा कपडा आधी शिवून मग साडी शोधावी, तसं.

बाकी तुम्हाला ठाऊक आहेच. पावती जीएसटीची घ्या, अनुक्रमांक बघा, विक्रेत्याचं नाव मूळ कंपनीच्या यादीत आहे का पाहा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. चोरीचं सॉफ्टवेअर माहीत असून वापरणं हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याने गुन्हा आहे, हे ह्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

यंत्र अस्सल मिळालं तरी हात आवरावा लागतो. क्रमांक दिसला की लगेच ‘पुसा’ दाबायचा मोह होतो. आधी तो वहीत लिहून घ्या, तारखेसकट. पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही पहिल्यापासून सुरू होतात, आणि मेकॅनिकला धागा मिळत नाही. क्रमांक म्हणजे ‘हा भाग बदला’ असा हुकूमही नव्हे. आमचा सेन्सर ठणठणीत होता, तुटली होती ती तार. वाचण्यापलीकडे जाऊन गाडीच्या संगणकात काही बदलायचं, एअरबॅगचं काही करायचं, हे घरी नको. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा. आणि दिवा लाल असेल, तेलाचा किंवा पाण्याच्या तापमानाचा, तर यंत्रबिंत्र राहू द्या, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. पिवळाच दिवा पण लुकलुकत असेल, तर इंजिनात इंधन नीट जळत नाही असं समजून वेग कमी करा आणि जमेल तितक्या लवकर थांबा. तसंच रेटत नेलं तर धूर शुद्ध करणारा महागडा भाग जळतो.

एक मात्र माझ्याकडून चुकलंच. डबी सॉकेटमध्येच ठेवून आम्ही आठ दिवस माहेरी गेलो. परत आलो तर बॅटरी उतरलेली. शेजारच्या भावजींच्या जीपवरून वायर जोडून गाडी सुरू करावी लागली. शिवाय स्वस्तातल्या डब्यांचा ब्लूटूथचा परवलीचा शब्द बहुतेक वेळा १२३४ नाहीतर चार शून्यं असतो. लावून ठेवली तर शेजारून जाणारा कुणीही तिच्याशी बोलू शकतो. आता ती आमच्या घरी सुईदोऱ्याच्या डब्यात असते, वहीसकट. शेजारच्या जीपचे क्रमांकही त्याच वहीत लिहिलेले आहेत. बॉनेटखाली दर रविवारी बॅटरीच्या दिव्याने पाहायचं काम धाकटीने घेतलंय, कारण तिला उंदराची पिल्लं सापडतील अशी आशा आहे.