लळा लागायला वेळ लागतो

आजचा विषय पिकाचा नाही, घरातला आहे. बायको वारली किंवा नवरा गेला, की पुढे दुसरा घरोबा होतो. घरात नवी आई येते, नाहीतर लेकरू आईबरोबर नव्या बापाकडे जाते. मग ओट्यावर बोलणे सुरू होते, 'सावत्र ते सावत्रच!' पण दर वेळी दोष सावत्रपणाचा नसतो.

समजा, सहा वर्षांचा पोरगा आहे. पडला, रक्त आले, तरी कुणाजवळ येत नाही. जवळ घेतले तर अंग ताठ करतो. आपण म्हणतो, पोर हेकट आहे. डॉक्टर याला 'रिॲक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर' म्हणतात, म्हणजे लळा न लागण्याचा विकार. तो क्वचितच आढळतो. रुसणारे किंवा आईच्या आठवणीने गप्प बसणारे प्रत्येक मूल आजारी नसते. निदान डॉक्टरांनीच करायचे.

याचे मूळ तान्हेपणाच्या हेळसांडीत असते. रडले तर उचलून घेणारे ठरलेले माणूसच नाही. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. आपल्याकडून ऊसतोडीला टोळ्या जातात. नुसत्या जाण्याने हे होत नाही. माया करणारे माणूस सोबत असेल तर कोपीतले लेकरूही घट्ट जीव लावते.

रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० साली अनाथालयांतील १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातली निम्मी मुले कुटुंबांत ठेवली. त्यांना माणसांचा लळा लागू लागला. लवकर घर मिळाले त्यांना अधिक. म्हणजे कायमचे माणूस मिळाले, की सुधारणा होते.

मग घरी काय करावे? 'मला आई म्हण' असा हट्ट धरू नका. जेवण, अंघोळ, झोप यांची वेळ ठरलेली ठेवा. 'संध्याकाळी येतो' म्हटले तर संध्याकाळी याच. चुकले तर थांबवा, पण मारू नका, उपाशी ठेवू नका. 'मामाकडे पाठवून देईन' ही धमकी तर मुळीच नको. त्याला धाक त्याचाच असतो. आणि सख्ख्या बापाने सगळा भार नव्या बाईवर टाकून मोकळे होऊ नये.

पोलीस पाटील, अंगणवाडीताई, आशाताई यांनीही चारचौघांत 'तुझी खरी आई कुठंय?' असे विचारू नये. गंडेदोरे करण्यापेक्षा जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. मुलाचे हाल होत असतील तर १०९८ वर कळवा.

ऊतिसंवर्धित केळीचे रोप आपण बाटलीतून काढून थेट उन्हात लावत नाही. आधी हरितगृह, मग शेडनेट, मग वावर. रोपाला आठवडे लागतात; लेकराला महिने लागतील, कदाचित वर्षे. तेवढा धीर धरा.