सातवी-आठवीनंतर आपल्या मुलींची शाळा का बदलते?

दरवर्षी मे-जून आला की आपल्या मोहल्ल्यात एकच चर्चा सुरू होते. मुलीला उर्दू शाळेत घालायचं, मराठी की इंग्रजी? अब्बांचं मत एक, नानीचं दुसरं. अशा चर्चा आम्ही खूप ऐकल्या आहेत. पण त्यात एक प्रश्न क्वचितच निघतो: ही शाळा कितवीपर्यंत आहे आणि त्यानंतर मुलगी कुठे जाणार?

अनेक गावांत जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते. पुढचं हायस्कूल कुठल्या तरी खासगी संस्थेचं असतं, तेही जवळपास असलं तर. ही विभागणी आली कुठून, हे समजून घ्यायला १८८२ सालात जावं लागतं.

त्या वर्षी इंग्रज सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. सर सय्यद अहमद खान यांचे पुत्र सय्यद महमूद त्यावर सदस्य होते. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं, की प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्डांनी चालवाव्यात. हायस्कूलमधून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावं, ती लोकांनी उभारावीत आणि सरकारने अनुदान द्यावं. अनुदानाची पद्धत १८५४ पासून होतीच. आज आपण ‘अनुदानित संस्था’ म्हणतो, ती याच रस्त्याने आली.

म्हणजे ज्या समाजाकडे पैसा, वकील आणि शिकलेली माणसं होती, त्यांची हायस्कूलं उभी राहिली. आपल्याकडेही काहींनी हे ओळखलं होतं. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली, १८८० मध्ये शाळा काढली. पुढे भिवंडीत कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचं रईस हायस्कूल उभं राहिलं. पण जिथे असे व्यापारी आणि वकील नव्हते, त्या तालुक्याच्या गावात चौथी-सातवीनंतर दरवाजा बंदच राहिला. आमच्या मते माध्यमाच्या भांडणापेक्षा हा मुद्दा मोठा आहे.

माध्यमाचंही मूळ तिथेच आहे. मुस्लिम मुलांच्या प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांत हिंदुस्तानी हे मुख्य माध्यम असावं, अशी शिफारस आयोगाने केली. मात्र स्थानिक मुसलमानांना दुसरी भाषा हवी असेल तर ती ठेवावी, ही सवलतही दिली. आणखी एक गंमत बघा. जिथे सरकारी भाषा वेगळी आहे, तिथे गणित आणि हिशेब त्या भाषेतून शिकवावेत, असंही आयोग म्हणाला. आजचं ‘सेमी इंग्रजी’ याहून फार वेगळं नाही.

महात्मा फुले यांनीही ऑक्टोबर १८८२ मध्ये आयोगाला निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी प्रसिद्ध आहे. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठी-इंग्रजीची ओढ दिसत नाही, असंही त्यांनी नोंदवलं. ओढ कमी असेलही. पण मुस्लिम शिक्षक तयार करा, मुस्लिम तपासनीस नेमा, शिष्यवृत्त्या द्या, असं आयोगालाच सुचवावं लागलं. म्हणजे कमतरता फक्त ओढीची नव्हती.

मराठवाड्याची कहाणी वेगळी. तिथे निजामाचं राज्य, सरकारी भाषा उर्दू. १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि पहिलीपासून पदवीपर्यंत उर्दूची सलग शिडी तयार झाली. १९४८ नंतर उस्मानियाचं माध्यम इंग्रजी झालं. खालच्या पायऱ्या राहिल्या, वरच्या गेल्या.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. चांगलं झालं, पण नववी बाहेरच राहिली. जुनी रेघ एक-दोन इयत्ता पुढे सरकली, इतकंच. त्यात २०२२ मध्ये अल्पसंख्याकांची केंद्रीय प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद झाली.

आता त्या मुलीचा विचार करा. आठवीपर्यंत ती ‘मुसल्लस’ आणि ‘तकसीम’ शिकली. नववीत मराठी शाळेत गेली तर तोच ‘त्रिकोण’ आणि ‘भागाकार’, इंग्रजीत गेली तर ‘ट्रँगल’ आणि ‘डिव्हिजन’. गणित तिला येतं, शब्द येत नाहीत. ती वर्गात गप्प बसते आणि घरी सगळे म्हणतात, पोरीचं डोकं चालत नाही. त्यात शाळा लांब असेल तर अम्मीला काळजी, मग घरीच बसवलं जातं.

म्हणून दाखला घेताना माध्यमाआधी हे विचारा: पुढचे वर्ग कुठे, किती लांब, कोणत्या भाषेत? ते हायस्कूल अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे फी किती? उर्दूत घालणार असाल तर पाचवीपासूनच गणित-विज्ञानाचे मराठी आणि इंग्रजी शब्द वहीत शेजारी शेजारी लिहायची सवय लावा. मराठी शाळेत घालणार असाल तर उर्दू मकतबमध्ये किंवा घरी शिकवता येते, आपल्या कित्येक घरांत तसंच चालतं.

आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. नववी-दहावीचे वर्ग सुरू करा, अशी लेखी मागणी समितीमार्फत नगरपालिकेकडे किंवा जिल्हा परिषदेकडे पाठवता येते. मुंबई महापालिका स्वतः माध्यमिक शाळा चालवते, तेव्हा हे आमचं काम नाही असं कोणी म्हटलं तर तो दाखला पुढे ठेवा.