पेटीतली लुगडी

पुष्कळ घरांत एक तरी पेटी अशी असते की जिचं झाकण नीट बसत नाही. आमच्याकडे ती सासूबाईंची. गोधडीसाठी राखलेली लुगडी, पातळं, धोतरं. दर उन्हाळ्यात ‘यंदा शिवू’ म्हणायचं आणि पाऊस तोंडावर आला की झाकण दाबून बसवायचं. आता सासूबाईंना सुईत दोरा ओवता येत नाही आणि मला शेतातून सवड नाही. यंदा उंदरांनी एक कोपरा कुरतडला तेव्हा त्याच म्हणाल्या, “काढून टाक बाई.”

उपसली तर त्रेचाळीस नग निघाले! बोहारीण आली. एकेक लुगडं उजेडाला धरून विरलेलं बाजूला टाकलं, जरीचं जवळ ओढलं आणि सगळ्या ढिगावर एक पातेलं पुढे केलं. तिच्यावर रुसायचं कारण नाही. तिला हवं ते पुन्हा नेसता येण्याजोगं. आपलं तर वापरून मऊ पडलेलं, ते गोधडीलाच चांगलं.

शेजारच्या गावात काही बायका गोधड्या शिवून विकतात. त्यांनी वजनावर घेतलं. पण ढीग तसाच नेऊ नका. धुऊन कडक उन्हात वाळवा. नायलॉन, पॉलिएस्टर वेगळं काढा. ते सरकतं आणि घाम टिपत नाही. रंग सोडणारं कापड वेगळं बांधा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी डागाळते. इरकलीचा रेशमी पदर सुतात नीट बसत नाही, तोही वेगळा. आणि जागा वाचवायला म्हणून लुगडी फाडू नका. नऊवारीची चौघडी घातली की माणूसभर लांबीचा थर आयता मिळतो. आमच्या जाऊबाईंनी घाईत चार फाडली, त्यांचा चिंध्यांचा भाव आला.

एक लुगडं मात्र सासूबाईंनी काट्यावरून उचललं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाताना त्या ते नेसत. पदर पार जाळी झालेला. “ह्याचं कोण काय देणार?” असं म्हणत मांडीवर घेऊन बसल्या. काटेवालीही थांबली.

शेवटी आलेल्या पैशांतून तिथंच एक गोधडी शिवायला टाकली. ते लुगडं आतल्या थरात, वर धाकट्या नणंदेचं हिरवं पातळ. मजुरी वजा जाता हाती फारसं उरलं नाही, हे खरं. पेटीत सध्या हरभऱ्याचं बी आहे, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं.