पेसमेकर बसवल्यावर खांदा का दुखतो?

संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एखादे आजोबा डावा हात अंगाशी घट्ट धरून बसलेले दिसतात. विचारले तर म्हणतील, "पेसमेकर बसवलाय रे, हात हलवला की दुखतं." यंत्र हृदयासाठी, मग दुखणे खांद्यापाशी का?

कारण यंत्र सहसा हृदयात नसतेच! कॉलरबोनच्या खाली, त्वचा आणि छातीचा स्नायू यांच्यामध्ये लहानसा खिसा करून ते ठेवतात. तेथून एक तार शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाते. तार सरकताना फारसे दुखत नाही. दुखतो तो खिसा. वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांची त्वचेत दाटी असते, आणि जागा बधिर करणाऱ्या औषधाचा अंमल काही तासांत ओसरतो.

दुखणे सर्वांना सारखे नसते. सडपातळ माणसाच्या त्वचेखाली चरबीची गादी पातळ, म्हणून यंत्राची कड टोचते. यंत्र स्नायूखाली बसवावे लागले तर अधिक दुखते. आकाराचाही प्रश्न आहेच. १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरून ओतला होता! आजचा साधारण २० ते ३० ग्रॅमचा असतो.

तारेचे टोक पक्के रुजेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, हात खांद्याच्या वर नेऊ नका, असे डॉक्टर सांगतात. आजोबा भीतीने हात हलवतच नाहीत. मग खांदा आखडतो, आणि जखम भरली तरी दुखणे उरते. दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, जागा लाल झाली, सुजली किंवा ताप आला, तर मात्र जंतुसंसर्गाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आणि विजेचे काय? समजा, २.५ व्होल्टचा स्पंद ०.४ मिलिसेकंद टिकला आणि रोध ५०० ओहम आहे. व्होल्टच्या वर्गाला वेळेने गुणून रोधाने भागा. उत्तर येते ५ मायक्रोज्यूल. एवढ्याशा ऊर्जेचा स्पंद आजोबांना एरवी जाणवतही नाही.

पेसमेकरचा मोठा भाऊ म्हणजे डिफिब्रिलेटर. ठोके जीवघेणे बिघडले तरच तो सुमारे ३० ते ४० ज्यूलचा धक्का देतो. पार्कवर ताशी ७२ किलोमीटर वेगाने येणाऱ्या १६० ग्रॅमच्या लेदर चेंडूची गतिज ऊर्जा काढून पाहा: ३२ ज्यूल! धक्का बसला की छातीवर कोणी लाथ मारल्यासारखे वाटते, असे रुग्ण सांगतात.